खिडकीतून चार्ज होणारी गाडी

आम्ही लंडनला येऊन दोनएक वर्षं झाल्यावर नवऱ्यानं गाडी घेतली. शोरूममधून फोन करून त्यानं मला पहिली गोष्ट सांगितली ती ही, की "हिला एक्झॉस्ट पाइपच नाहीये." मला वाटलं, कुठंतरी पडला असेल आणि म्हणून गाडी स्वस्तात मिळत असेल. मी म्हटलं, "मग आधी बसवून घे ना."

गाडी विजेवर चालणारी होती. आज यात कुणाला काही विशेष वाटणार नाही, पण ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. तेव्हा विजेची गाडी म्हटलं की लोकांना गोल्फच्या मैदानावर फिरते ती आठवायची, नाहीतर पहाटे दाराशी दूध ठेवून जाणारी. नवरा सिटीत, म्हणजे लंडनच्या बँका-कचेऱ्यांच्या भागात, एका फायनान्स कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा. तिथं दुपारच्या सुट्टीत कुणीतरी पृथ्वीच्या वाढत्या तापमानावर भाषण द्यायला आलं होतं. सँडविचेस फुकट होती म्हणून हा गेला आणि घरी परतला तो वेगळाच माणूस होऊन. त्यातून मध्य लंडनमध्ये गाडी नेली की जो कंजेशन चार्ज भरावा लागायचा, तो विजेच्या गाडीला माफ होता. नवरा नागपूरचा. पुण्य आणि बचत एकाच ठिकाणी मिळतंय म्हटल्यावर त्याला थांबवणं कठीण होतं.

"आणि भारतात तयार होऊन बोटीनं इथं आलीये," तो म्हणाला. "म्हणजे आपल्यासारखीच."

"आपण विमानानं आलो," मी म्हटलं.

गाडी दारात आली तेव्हा मी खाली जाऊन तिच्याभोवती एक चक्कर मारली. चक्कर फार लवकर संपली. रंग पोपटी, तोंड बेडकासारखं, आणि मागची बाजू जिथं सुरू व्हायला हवी तिथंच संपलेली. कागदपत्रांत लिहिलं होतं की हिच्यात चार जण बसतात. मागच्या सीटवर आम्ही वेंब्लीहून आणलेली बासमतीची गोणी ठेवून पाहिली, तर ती बसली, पण तिरकी.

आम्ही राहायचो कॅमडेनच्या थोडं वर, चढावरच्या एका जुन्या घरात, दुसऱ्या मजल्यावर. ही गाडी रात्रभर साध्या प्लगला लावून ठेवायची असते हे नवऱ्याला पक्कं माहीत होतं. मात्र आपला प्लग दुसऱ्या मजल्यावर आहे आणि गाडी रस्त्यावर उभी राहणार आहे, हे ती दारात येईपर्यंत त्याच्या लक्षात आलं नव्हतं. त्यानं हार मानली नाही. दोन एक्स्टेन्शन वायरी एकमेकींना जोडल्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली सोडल्या. वारा होता. वायरीचं टोक झोके खात खात तळमजल्याच्या काचेवर आपटायला लागलं. टक. टक. टक. मग खालची खिडकी उघडली, एक हात बाहेर आला आणि त्यानं वायर पकडली.

"काही लागलं का गळाला?" खालून आवाज आला.

या खालच्या आजी. ऐंशीच्या आसपासच्या, एकट्या, त्याच फ्लॅटमध्ये आयुष्य काढलेल्या. तोवर आमचा आणि त्यांचा संबंध जिन्यात भेटल्यावर 'मॉर्निंग' म्हणण्यापुरता. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत व्हायचं, पण आठवायला बसलं की त्या मला मराठीतच बोलताना ऐकू येतात.

नवरा धावत खाली गेला. मी मागोमाग. त्यानं माफी मागितली आणि त्या ओघात पृथ्वीचं सगळं सांगितलं: धूर, हवा, ध्रुवावरचा बर्फ. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग खिडकीतून वाकून गाडीकडे पाहिलं.

"किती जण बसतात?"

"चार," नवरा म्हणाला.

आजींनी पुन्हा पाहिलं. "दोन. आणि त्यातली एक मी."

असा करार झाला. घरापुढची फरसबंद जागा त्यांच्या फ्लॅटची होती आणि तिच्यावर त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडायची. गाडी तिथं उभी करायची, वायर त्यांच्या खिडकीतून जाईल, प्लग लावता यावा म्हणून एक चावी त्यांच्याकडे राहील, आणि बदल्यात मंगळवारी त्यांना पत्ते खेळायला चर्चच्या हॉलमध्ये सोडायचं. विजेचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. घेतले असते तर बरं झालं असतं, असं आम्हाला पुढं कितीतरी वेळा वाटलं.

मी तेव्हा नोकरी शोधत होते, म्हणजे दिवसभर घरी होते. इथली ड्रायव्हिंग टेस्ट दुसऱ्या खेपेला पास झाले होते. त्यामुळे आजींची ड्रायव्हर मीच. महिन्याभरात मंगळवारच्या पत्त्यांना गुरुवारची पायांची नखं कापणारी बाई येऊन मिळाली. मग रविवारचं चर्च. मग एका मैत्रिणीचं मांजर, ज्याला इंजिनाच्या आवाजानं उलटी व्हायची आणि म्हणून आमच्याच गाडीतून डॉक्टरकडे न्यावं लागायचं. नवऱ्याला एखाद्या सकाळी गाडी ऑफिसला न्यायची असली की तो जिन्यातून वाकून विचारायचा, "आज गाडी मिळेल का?" आजी कॅलेंडर बघून सांगायच्या, "आज मांजराचा दिवस." मग तो बस पकडून जायचा. गाडी घेतल्यापासून तो जितका बसनं फिरला तितका त्याआधी कधीच फिरला नव्हता.

थंडी सुरू झाली तेव्हा एक नवीन गोष्ट समजली. गाडीत हीटर होता, पण तो लावला की बॅटरी डोळ्यांदेखत उतरायची. म्हणजे एकतर उबेत बसा, नाहीतर कुठंतरी पोहोचा. आजींनी पोहोचायचं ठरवलं. त्या मांडीवर गरम पाण्याची रबरी पिशवी घेऊन बसायच्या आणि मी आईनं पाठवलेली गोधडी कमरेला गुंडाळून गाडी चालवायचे. काचेवर वाफ धरायची ती आजी हातरुमालानं पुसायच्या, आधी माझ्या बाजूची, मग स्वतःची. एकदा सिग्नलला शेजारी पोलिसांची गाडी येऊन थांबली. आतल्या पोलिसानं काच खाली करून विचारलं, "सगळं ठीक आहे ना?"

"आम्ही पृथ्वी वाचवतोय," आजी म्हणाल्या. "सिग्नल सुटला, निघा."

एका सकाळी तर गाडी उलट तोंडानं उभी असलेली सापडली. पबमधून परतणाऱ्या चार तगड्या पोरांनी ती उचलून फिरवून ठेवली होती. आजींनी म्हणे खिडकीतून पाहिलं होतं. मी विचारलं, "मग ओरडला का नाहीत?" तर म्हणाल्या, "तुला ती रिव्हर्स काढताना नेहमी त्रास होतो. मीच सांगितलं त्यांना."

फेब्रुवारीत आजींची पत्त्यांमधली जोडीदारीण गेली. अंत्ययात्रेला अर्थातच आपल्या गाडीतून जायचं. मी काळा कोट बाहेर काढला. आपल्याकडे अशा वेळी पांढरं नेसतात, त्यामुळे काळे कपडे घालून मला उगाच कुठंतरी पार्टीला निघाल्यासारखं वाटत होतं. गाडीत बसले आणि पाहिलं तर बॅटरीचा काटा अर्ध्यावर.

"आजी, काल प्लग लावला नव्हता?"

"लावला होता. मग काढला. ओव्हन आणि गाडी एकदम चालत नाहीत, फ्यूज जातो." त्यांच्या मांडीवर डबा होता. "केक न्यायला नको?"

गेलेल्या बाईंच्या घरचे पूर्वी घोडागाडीतून कोळसा विकायचे. म्हणून शवपेटीसाठी दोन काळ्या घोड्यांची गाडी बोलावली होती. डोक्यावर तुरे लावलेले, उंचेपुरे, फार देखणे घोडे. पण मागं उभी असलेली शोककर्त्यांची लिमोझिन घुरघुरायला लागली की ते बिचकत होते आणि शवपेटी हिंदकळत होती. उंच टोपी घातलेला अंत्यविधीवाला गृहस्थ हातातली छडी सावरत आमच्याकडे आला.

"तुमची गाडी आवाज करत नाही, असं या बाई सांगतात."

मी आजींकडे पाहिलं. त्या सरळ समोर बघत होत्या.

"मग तुम्ही घोड्यांच्या मागं या. लिमोझिन तुमच्यामागं येईल. फक्त पहिल्या गाडीत घरचं कुणीतरी असायला हवं, तशी पद्धत आहे."

घरचं कुणीतरी म्हणजे गेलेल्या बाईंचा धाकटा भाऊ. पंच्याहत्तरीचा, दरवाजाएवढ्या खांद्यांचा माणूस. त्यांना मागच्या सीटवर बसवायला दोन माणसं लागली. एक ढकलत होता आणि एक दुसऱ्या बाजूनं गुडघे दुमडून देत होता. बसल्यावर त्यांची हनुवटी माझ्या खांद्याशी आली. "माझ्या बहिणीला हे बघून हसू आलं असतं," ते म्हणाले आणि रडायला लागले. आजींनी मागं न बघता काच पुसायचा हातरुमाल त्यांच्याकडे दिला.

आम्ही निघालो. घोडे चालत होते त्या वेगानं आमची गाडी अगदी आरामात जात होती. रस्त्यावर एरवी मागचे लोक हॉर्न वाजवायचे, शाळेतली मुलं हसायची. त्या दिवशी कुणी हॉर्न वाजवला नाही. फुटपाथवरची माणसं थांबली. एका बसड्रायव्हरनं बस थांबवून आम्हाला वाट दिली. दुकानातून बाहेर आलेल्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. मला काय करावं कळेना, म्हणून मी मान लववली.

दफनभूमीकडे जाणारा रस्ता अरुंद आणि चढाचा होता. काटा लाल खुणेवर गेला. मी आजींना हळूच म्हटलं, "आजी, आपण पोहोचत नाही."

"त्यांना कळू देऊ नकोस," आजी मागच्या भावाकडे डोळ्यांनी खूण करत म्हणाल्या.

चढ अर्धा झाला आणि गाडी थांबली. कुरकुर नाही, धक्का नाही. जशी आवाज न करता चालायची, तशीच आवाज न करता थांबली. पुढचे घोडे मात्र थांबले नाहीत. चढावर घोडे थांबवायचे नसतात म्हणे. शवपेटी वळणावरून दिसेनाशी झाली. आमच्यामागं लिमोझिन, तिच्यामागं सगळी मंडळी, आणि रस्ता एकाच गाडीचा.

"पोहोचलो का?" मागून भावानं विचारलं.

वजन कमी करावं तर भाऊ बाहेर यायला हवेत, आणि ते बाहेर यायला पुढची सीट दुमडायला हवी, म्हणजे आधी आजी उतरायला हव्यात. "मी उतरले तर मला परत कोण बसवणार?" आजी म्हणाल्या आणि केकचा डबा घट्ट धरून बसून राहिल्या. शेवटी लिमोझिनमधून शवपेटी खांद्यावर घेणारी चार माणसं उतरली. लांब काळे कोट, हातात पांढरे मोजे. त्यांनी आम्हा तिघांसकट गाडी ढकलायला घेतली. उंच टोपीवाला गृहस्थ आमच्यापुढं चालायला लागला. त्याला बहुतेक दुसऱ्या कुठल्या प्रकारे चालता येत नसावं, कारण तो छडी छातीशी धरून, मान खाली घालून, पावलं मोजत चालत होता. मी स्टिअरिंग धरलं होतं. आजी समोर बघून हलक्या आवाजात सूचना देत होत्या, "डावीकडे. थोडं डावीकडे. खड्डा आहे."

शवपेटी वेळेवर पोहोचली होती. तिच्यापाशी पाद्री एकटाच उभा होता आणि घोडे गवत खात होते.

नंतर चर्चच्या हॉलमध्ये चहा होता. मी तिथल्या बाईंना विचारलं, की थोडा वेळ गाडी चार्ज करता येईल का, नाहीतर घरी जाता येणार नाही. त्यांनी प्लग दाखवला. त्याला चहाचं भलंमोठं भांडं लावलेलं होतं. हॉलमधली माणसं बोलायची थांबली. मी त्या भांड्याकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं आणि म्हटलं, "चहा होऊ द्या." सगळ्यांनी श्वास सोडला. त्या दिवशी आम्ही अंधार पडेपर्यंत तिथं होतो. भावानं मला बहिणीच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या, आणि केक मात्र फार छान झाला होता.

त्यानंतर काही आठवड्यांनी मला ताप आला. नवरा ऑफिसला गेलेला. दिवस मंगळवार. आज आजींचे पत्ते बुडणार, निदान सांगून तरी यावं, म्हणून उठले आणि खिडकीतून पाहिलं तर खाली गाडी नाही. वायर खिडकीच्या कठड्यावर नीट गुंडाळून ठेवलेली. मी नवऱ्याला फोन केला.

"अरे, गाडी चोरीला गेली!"

"घाबरू नकोस," तो म्हणाला. "चोर किती लांब जाणार?"

मी कोट चढवून खाली पायरीवर जाऊन बसले. दुपार टळल्यावर कोपऱ्यावरून पोपटी गाडी वळली. आत आजी एकट्या, ताठ बसलेल्या. त्यांनी फाटकापाशी थांबून दोन्ही बाजूंना पाहिलं आणि एका दमात गाडी रिव्हर्समध्ये जागेवर आणून उभी केली. मला ते कधीच एका दमात जमलं नव्हतं.

"तुम्हाला गाडी चालवता येते?"

"युद्धात अॅम्ब्युलन्स चालवायचे," त्या म्हणाल्या आणि पर्समधून लायसन्स काढून दाखवलं. स्वतःचा नवरा वारल्यावर त्यांनी त्याची गाडी विकली होती. पण सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी लायसन्स नवं करून घ्यावं लागतं, ते त्यांनी एकदाही चुकवलं नव्हतं.

"मग इतके दिवस मला का फिरवलंत?"

आजी वायर उलगडत होत्या. "तू दिवसभर खिडकीत उभी असायचीस. मी खालून बघायचे. कुणीतरी तुला बाहेर काढायला हवं होतं."

मी तिथंच पायरीवर बसून रडले. तापामुळे असेल. आजींनी मला आत नेऊन टोस्ट करून दिला. संध्याकाळी नवरा आला. त्याला हे सगळं सांगितल्यावर तो घाबरून एकच विचारत राहिला, "आणि इन्शुरन्स?" दुसऱ्या दिवशी त्यानं विमा कंपनीला फोन करून आजींचं नाव घालून घेतलं. पलीकडच्या मुलीनं जन्मसाल तीनदा विचारलं.

वर्षाच्या आत मला लंडनबाहेर, बेसिंगस्टोकला एका आयटी कंपनीत नोकरी मिळाली आणि नवऱ्यानंही तिकडंच काम शोधलं. सामान न्यायला व्हॅन ठरवली. राहता राहिली गाडी. नवऱ्यानं नकाशा काढून, पट्टी लावून, पुन्हा पुन्हा हिशेब केला. कसंही धरलं तरी गाडी वाटेत मोटरवेवरच संपत होती. त्याचा चेहरा बघवत नव्हता. आजी त्याच्यासमोर चहा ठेवत म्हणाल्या, "ती तशीही माझ्याच विजेवर वाढलीये." गाडी त्यांच्या नावावर झाली. बेसिंगस्टोकला बसेस इतक्या कमी होत्या की महिन्याभरात आम्ही एक जुनी डिझेलची गाडी घेतली. नवरा ती ऑफिसपासून दूर, झाडांमागं उभी करायचा.

पुढच्या उन्हाळ्यात एका शनिवारी सकाळी आजींचा फोन आला. मागं खूप कोंबड्या ओरडत होत्या.

"कुठून बोलताय?"

"एका शेतावरून. समुद्रावर निघालेय. ब्रायटनला."

ब्रायटन म्हणजे त्या गाडीच्या एका चार्जच्या बाहेरचं. मी नवऱ्याला हाक मारली. त्यानं रिसीव्हर ओढून घेतला आणि विचारलं, "अहो, पण वाटेत चार्ज कुठं करणार?"

"लोकांना खिडक्या असतात," आजी म्हणाल्या.

दुपारी त्यांचा फोन आला एका पबमधून. तिथल्या मालकानं बर्फाच्या मशीनचा प्लग काढून त्यांना दिला होता आणि सगळे जण गार नसलेली पेयं पीत होते. रात्री त्या एका पाद्र्याच्या घरी राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एका अग्निशमन केंद्रातून फोन आला. तिथल्या जवानांनी गाडी धुऊन दिली होती आणि प्रत्येकानं एकेक चक्कर मारून पाहिली होती, त्यामुळे ती पुन्हा पहिल्यापासून चार्ज करावी लागत होती. नवरा दिवसभर फोनजवळून हलला नाही. नकाशावर पेन्सिलीनं खुणा करत होता. जेवायलाही तिथंच बसला.

संध्याकाळी फोन वाजला तेव्हा पलीकडून आधी नुसता वाऱ्याचा आवाज आला.

"पोहोचले," आजी म्हणाल्या. "भरती आहे. इथं एक आइस्क्रीमवाला आहे, त्याच्या व्हॅनला प्लग आहे. पण तो म्हणतो, आधी आइस्क्रीम घ्या. कुठलं घेऊ?"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "त्यांना सांग, मोठं घ्या. चार्ज व्हायला वेळ लागेल."